रिटर्न भरून झाल्यावर सापडलेली चूक: पोर्टलवरच्या दुरुस्तीच्या वाटा, सहा महिन्यांच्या वापरानंतर

निर्धारण वर्ष २०२५-२६ ची, म्हणजे २०२४-२५ च्या उत्पन्नाची आयकर रिटर्न, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली. नोकरदार, पेन्शनवाले, आणि बहुतेकांच्या नावावर दोन-चार एकर शेती. सप्टेंबर २०२५ पासून या रिटर्नमधल्या चुका आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर निस्तरताना जे कळलं ते असं: सोय चांगली आहे, पण ती एक नाही, चार आहेत. चूक छोटी की मोठी यावर वाट ठरत नाही. चूक कुणाची आहे आणि तारीख कोणती आहे यावर ठरते. बराचसा घोळ चुकीची वाट धरल्यानेच होतो.

पहिली वाट डिस्कार्ड. रिटर्न सबमिट झालं पण ई-व्हेरिफाय (ते आपलंच आहे याची खातरजमा) झालेलं नाही, तर सरळ ‘डिस्कार्ड’ करावं. ई-व्हेरिफायच्या पानावरच हा पर्याय आहे. डिस्कार्ड केलेलं रिटर्न भरलंच नव्हतं असं धरलं जातं, म्हणून रिटर्न भरायची मुदत संपल्यावर हे बटण दाबू नये. नवं रिटर्न मग उशिराचं ठरतं आणि कलम २३४एफ खाली उशिराची फी म्हणून ५,००० रुपये जातात, एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,०००. अशा वेळी आधीचं रिटर्न व्हेरिफाय करून नंतर रिव्हाइज करणं स्वस्त पडतं.

दुसरी वाट रिव्हाइज्ड (सुधारित) रिटर्न, कलम १३९(५). चौघींत सगळ्यात भरवशाची हीच. या वर्षासाठी मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. कलम १४३(१) ची इंटिमेशन (रिटर्न प्रोसेस झाल्यावर येणारी सूचना) आली म्हणजे दार बंद झालं असं अनेकांना वाटतं, पण इंटिमेशन म्हणजे असेसमेंट (अधिकाऱ्याने केलेली कर-आकारणी) नव्हे. मुदतीत असाल तर त्यानंतरही रिव्हाइज करता येतं. कलम निवडल्यावर मूळ रिटर्नचा १५ अंकी पोचपावती क्रमांक आणि तारीख द्यावी लागते. फॉर्म बदलता येतो, आयटीआर-१ चा आयटीआर-२ चालतो. मात्र रिव्हाइज्ड रिटर्न म्हणजे पुरवणी नव्हे, ते आधीच्या रिटर्नची पूर्ण जागा घेतं. फक्त चुकलेली रक्कम भरून बाकी रकाने रिकामे ठेवले तर ८०सी ची वजावट, टीडीएस (आधीच कापलेला कर) सगळं गेलं. ३० दिवसांत व्हेरिफाय केलं नाही तर मेहनत फुकट, जुनंच रिटर्न कायम.

आपल्या भागात रिव्हाइज करायला लावणारी नेहमीची चूक शेतीच्या उत्पन्नाची. ऊसबिल करमुक्त म्हणून मास्तर लोक आयटीआर-१ भरतात आणि शेती लिहीतच नाहीत. निव्वळ शेती उत्पन्न ५,००० च्या वर गेलं की आयटीआर-१ चालत नाही. शिवाय ते करमुक्त असलं तरी दर ठरवायला मोजलं जातं. हिशेब पाहा: नव्या करपद्धतीत करपात्र पगार ८ लाख, शेतीचे २ लाख. दहा लाखांवरचा कर ५०,०००, त्यातून पाच लाखांवरचा (तीन लाखांची करमुक्त मर्यादा अधिक शेतीचे दोन लाख) १०,००० वजा, म्हणजे ४०,०००. शेती न दाखवता तो ३०,००० येतो. फरक १०,००० आणि त्यावर ४ टक्के सेस, असे १०,४०० रुपये. टीडीएस पगारापुरताच कापला गेला असेल तर डिसेंबरात भरताना आगाऊ कर न भरल्याचं कलम २३४बी चं नऊ महिन्यांचं व्याज ९३६, वर हप्ते चुकल्याचं २३४सी चं व्याज. ही रक्कम सेल्फ असेसमेंट टॅक्स म्हणून, मायनर हेड ३०० खाली, आधी भरायची आणि बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), तारीख व चलनाचा क्रमांक रिटर्नमध्ये टाकायचा.

शेतीचं निव्वळ उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर जिल्हा, पिनकोड, जमीन एकरात, मालकीची की खंडाची, बागायत की कोरडवाहू हेही मागतात. पहाणीवर (जमिनीच्या उताऱ्यावर) एकर-गुंठे असतात, रकान्यात दशांश लागतो. ६ एकर १० गुंठे म्हणजे ६.२५, लोक ६.१० टाकतात.

कर भरण्याच्या चलनावर निर्धारण वर्ष २०२५-२६ ऐवजी २०२६-२७ पडणं हीही ठरलेली चूक. पोर्टलवरच ‘चलन करेक्शन’ आहे, पण वर्ष बदलायला चलनाच्या तारखेपासून फक्त ७ दिवस, हेड (कराचा प्रकार) बदलायला ३०. ते चुकलं की आपल्या वॉर्डाच्या अधिकाऱ्याकडे अर्ज.

तिसरी वाट रेक्टिफिकेशन (प्रक्रियेतल्या चुकीची दुरुस्ती), कलम १५४. लोक हिचा सर्वात जास्त गैरवापर करतात. ही फक्त नोंदींवरून उघड दिसणाऱ्या चुकीसाठी आहे, तीही बेंगळुरूच्या सीपीसीने (खात्याच्या प्रक्रिया केंद्राने) रिटर्न प्रोसेस केल्यावर. २६एएस मध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात) टीडीएस आहे, तुम्ही मागितला आहे, तरी इंटिमेशनमध्ये मिळाला नाही, तर ‘टॅक्स क्रेडिट मिसमॅच’. रिटर्न बरोबर, प्रक्रियेत गफलत, तर ‘रिप्रोसेस’. विसरलेली एलआयसीची वजावट इथे मागता येत नाही. अर्ज करण्याआधी इंटिमेशनमधले दोन रकाने, तुम्ही भरलेला आणि त्यांनी काढलेला, ओळीनं जुळवावेत. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे छोट्या लिपीत पॅन आणि पुढे जन्मतारीख. चूक आपली नसेल आणि बँकेने चुकीच्या पॅनवर टीडीएस भरला असेल, तर यातली कुठलीच वाट चालत नाही. बँकेलाच आपलं टीडीएस विवरण दुरुस्त करायला लावावं लागतं.

उसाच्या वाहतुकीचं बिल असलेल्यांनी एक जपावं. १९४सी (कंत्राटाच्या बिलावरचा) टीडीएस परत मागितला आणि ते बिल जमेत दाखवलंच नाही, तर १३९(९) ची डिफेक्टिव्ह (सदोष रिटर्नची) नोटीस येते. उत्तराला १५ दिवस. पतसंस्थेच्या ठेवीचं व्याज उलट बाजूचं: सभासदांचा टीडीएस बहुधा कापला जात नाही, एआयएस मध्ये (खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात) दिसेलच असं नाही, तरी ते करपात्र आहे.

चौथी वाट आयटीआर-यू (अपडेटेड रिटर्न). मुदत गेल्यावर हीच उरते आणि एकाच बाजूला उघडते: कर वाढत असेल तरच. रिफंड मागायला किंवा वाढवायला नाही. २०२५-२६ साठी ३१ मार्च २०२७ पर्यंत कर-व्याजावर २५ टक्के जादा, पुढच्या वर्षांत ५०, ६०, ७०. वरचे १०,४०० डिसेंबरनंतर आठवले तर व्याज सोडूनही २,६०० वाढतात. राहिलेला रिफंड हवा असेल तर कलम ११९(२)(बी) खाली विलंबमाफीचा अर्ज, निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत.

पोर्टलच्या भाषेच्या यादीत मराठीही आहे, कन्नडही आहे. पण मराठी निवडून फॉर्म उघडला तर शेड्यूलं इंग्रजीतच.

दुरुस्ती झाली तरी रिफंड अडतो तो बँक खात्यावर. पॅनवर बेलगाम आणि आधारवर बेळगावी, याने काही बिघडत नाही. बिघडतं ते नावाने. पॅनवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव आणि खात्यावर आडनाव आधी, पुढे आद्याक्षरं, की व्हॅलिडेशन फेल. दुसरं कारण जुना आयएफएससी. कॅनरा बँकेत विलीन झालेल्या सिंडिकेट बँकेचे कोड १ जुलै २०२१ पासून बंद आहेत, कॅनराचे लागतात. धारवाडची विकास ग्रामीण बँकही १ मे २०२५ ला कर्नाटक ग्रामीण बँकेत गेली. पासबुकावर छापलेला कोड न टाकता शाखेतून आजचा विचारून घ्यावा, प्रोफाइलमधल्या ‘माय बँक अकाउंट’मध्ये खातं पुन्हा व्हॅलिडेट करावं आणि मगच ‘रिफंड रीइश्यू’ टाकावा.