गर्भनिरोधक गोळ्या आणि छातीतली जळजळ: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

धाकटा दीड वर्षाचा झाल्यावर मी गोळ्या सुरू केल्या. एथिनिल इस्ट्राडिओल ३० मायक्रोग्रॅम आणि लेव्होनॉर्जेस्ट्रेल १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या दोन हार्मोन्सची नेहमीची गोळी. २१ दिवस घ्यायची, ७ दिवस थांबायचं. फायदा झाला तो आधी सांगते, कारण तो मोठा होता. पाळी तारखेला येऊ लागली, पहिल्या दिवशीचं पोट दुखणं बरंच कमी झालं, अंगावरून जाणंही.

पण दुसऱ्या पाकिटापासून रात्री आडवं झालं की छातीच्या मधोमध जळायला लागलं. आंबट पाणी घशाशी यायचं, सकाळी आवाज बसलेला असायचा. नागपुरात हे कोणालाही सांगा, उत्तर तयार असतं: तर्री सोड, सावजी बंद कर. सासूबाई म्हणाल्या, "पित्त वाढलं बाप्पा, गोळाभातावर तेल किती घेतेस!" त्यांचं खोटं नव्हतं. तेलकट-तिखटानं जळजळ वाढतेच. पण तर्री-पोहे मी शाळेत असल्यापासून खाते आणि तेव्हा कधी रात्री उठून बसावं लागलं नाही. तरीही सगळं बंद करून पाहिलं. थोडा उतार पडला, जळजळ गेली नाही.

माझं लक्ष गेलं ते थांबण्याच्या आठवड्याकडे. त्या आठवड्यात शांत झोप लागायची. नवं पाकीट सुरू झालं की काही दिवसांत जळजळ परत. हे तीन पाळ्यांमध्ये दिसल्यावर मी धंतोलीतल्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गरोदर असताना जळायचं का?" जळायचं, दोन्ही वेळा.

अन्ननलिका जठराला मिळते तिथं स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली गेला की ते आवळतं आणि आम्ल वर येऊ देत नाही. गरोदरपणी वाढणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन अशा स्नायूंना सैल करतं. गरोदरपणी छातीत जळतं त्याचं हे एक मोठं कारण. शेवटच्या महिन्यांत वाढलेलं गर्भाशयही जठराला वर दाबतं. गोळीतली हार्मोन्स शरीरातल्या याच हार्मोन्सच्या जातीची, म्हणून काही जणींना तोच त्रास होऊ शकतो. मॅडमनी हेही स्पष्ट सांगितलं की गोळीच कारण आहे असं छातीठोक म्हणता येत नाही. वाढलेलं वजन, उशिराचं जेवण, दिवसभराचा चहा, दुखण्यावर घेतलेली आयबुप्रोफेन, सगळ्याचा हात असू शकतो. मला हे बोलणं पटलं. "गोळीचा काही संबंध नाही" म्हणून वाटेला लावलं असतं, तर मी दुसरीकडे गेले असते.

गोळी मधेच सोडू नका, हे त्यांनी बजावलं. पाकीट अर्धवट टाकलं की गर्भ राहण्याची शक्यता उभी राहते. झोपताना घेत होते ती गोळी रात्रीच्या जेवणानंतर, ग्लासभर पाण्यासोबत घ्यायला लागले. जेवण आठच्या आत, अंथरुणावर अकराला. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या आणि डाव्या कुशीवर झोपायची सवय लावली. सोबत काही आठवडे आम्ल कमी करणारी पँटोप्राझोल, सकाळी खाण्याच्या अर्धा तास आधी. त्यानं गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होत नाही, हे मी मुद्दाम विचारून घेतलं. मात्र गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर ती पोटात गेली असं धरू नये. लगेच दुसरी घ्यावी.

वर्ध्याच्या माझ्या नणंदेचं नेमकं उलटं निघालं. तिच्या पाकिटात शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या. तिला त्रास व्हायचा तो त्याच आठवड्यात, कारण लोहानं मळमळ आणि पोटात जळजळ होते. म्हणून बायांनो, कोणत्या दिवसांत जळतं ते कॅलेंडरवर खूण करून ठेवा. डॉक्टरांना त्यातून पुष्कळ कळतं.

आणि काही गोष्टी ॲसिडिटी समजून घरी काढू नका. छातीत दाबल्यासारखं दुखणं, धाप लागणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं म्हणजे रक्ताची गुठळी असू शकते. इस्ट्रोजेनच्या गोळीनं तो धोका थोडा वाढतो. तेव्हा रात्र असो की दिवस, थेट मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात जा. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर पित्ताशयात खडे आहेत का ते बघावं लागतं. घास अडकणं, काळी शौच, हेही लगेच दाखवायचं.

माझी जळजळ या उपायांनी निम्म्यावर आली, पण पँटोप्राझोल थांबवलं की पुन्हा डोकं वर काढायची. शेवटी पाकीट पूर्ण करून मी तांबी (कॉपर-टी) बसवली. तिच्यात हार्मोन नाही आणि ३८०ए प्रकारची दहा वर्षं चालते. दोनेक महिन्यांत रात्रीची जळजळ जवळजवळ गेली. रविवारी तर्री-पोहे परत सुरू झालेत, तेल मात्र बेतानं. पाळी आता जास्त जाते आणि पोटही दुखतं, तांबीत हे होतंच. त्यामुळे हिमोग्लोबिन तपासत राहते. ते फार उतरलं तर सेंटक्रोमनच्या गर्भनिरोधक गोळीबद्दल विचारणार आहे. ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत (सीडीआरआय) शोधलेली, स्टेरॉइड हार्मोन नसलेली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा घ्यायची असते.