टॅब्लेटवर चित्रकला आणि मराठी वाचन: कोणते ॲप कोणासाठी?

एकाच टॅब्लेटवर चित्रेही काढता यावीत आणि मराठी पुस्तकेही वाचता यावीत, अशी इच्छा असणाऱ्यांसाठी हा आढावा आहे. आमच्या घरी आयपॅड आणि एस पेन असलेला सॅमसंगचा टॅब्लेट असे दोन्ही असल्यामुळे पुण्यातल्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या आकाराचे लाकडी खांब मी तीन ॲपमध्ये पुन्हा पुन्हा रेखाटले. तेच चित्र, तोच हात आणि फक्त ॲप वेगळे, असे केल्याखेरीज खरा फरक कळत नाही.

प्रोक्रिएट ॲन्ड्रॉइडवर चालत नाही. ते आयपॅडसाठी आहे आणि त्याचे पैसे एकदाच भरावे लागतात, दरमहा वर्गणी नाही. सज्जाच्या तुळईची रेघ ओढून पेन क्षणभर तसेच टेकवून ठेवले की वाकडी रेघ सरळ होते, आणि दोन बोटांनी टिचकी मारली की शेवटची रेघ नाहीशी होते. सममितीची सोय चालू केली तर खांबाची डावी बाजू काढताना उजवी आपोआप उमटते. नक्षीचे बारकावे भरताना लक्ष चित्रावरच राहते, आणि मला हा त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. मात्र कॅनव्हास जितका मोठा घ्यावा तितके थर (चित्राचे एकावर एक ठेवलेले, स्वतंत्रपणे बदलता येणारे पारदर्शक पापुद्रे) कमी मिळतात, आणि ही मर्यादा टॅब्लेटच्या मेमरीवर ठरते. मोठ्या आकारात छपाई करायची असेल तर हे आधीच तपासावे. चित्रे ॲपच्या गॅलरीतच साठत असल्यामुळे त्यांच्या प्रती नियमितपणे दुसरीकडे ठेवाव्यात, कारण ॲप काढून टाकले की गॅलरीही जाते.

क्रिटा मोफत आणि मुक्तस्रोत आहे. ते मुळात संगणकासाठी घडवलेले असल्याने टॅब्लेटवर त्यातली चिन्हे बारीक दिसतात आणि पहिले काही दिवस बोट नको तिथे पडते. तरीही यथार्थदर्शनाच्या, म्हणजे जवळचे मोठे आणि दूरचे लहान दाखवण्याच्या, सहायक रेषा त्यात उत्तम आहेत, आणि ॲन्ड्रॉइडवर सुरू केलेले चित्र पुढे संगणकावरच्या क्रिटामध्ये सर्व थरांसह उघडते. गंभीरपणे शिकणाऱ्याने ॲन्ड्रॉइडवर हेच निवडावे. शाळकरी मुलांसाठी इबिसपेंट सोपे आहे. मोफत आवृत्तीत जाहिराती येतात, तेवढे सोसावे लागते.

पेनाकडे दुर्लक्ष करू नये. रबरी टोकाच्या साध्या पेनाला दाब कळत नाही, त्यामुळे रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची येते, आणि मग कोणत्याही ॲपमध्ये खांबाला गोलाई येत नाही. एस पेनाने चित्र काढायला त्याचे चार्जिंग लागत नाही. ॲपल पेन्सिलला लागते.

वाचनात प्रश्न निराळा आहे. किंडलवर मराठीसाठी तयार केलेले पुस्तक घेतले तर अक्षर मोठे करता येते आणि ओळी नव्याने जुळतात, त्यामुळे चाळिशी लागलेल्यांना ते सर्वांत सुखाचे. पण आपल्याकडचे कितीतरी साहित्य, जुने दिवाळी अंक किंवा ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तके, पीडीएफ स्वरूपात असते. त्यासाठी गुगल प्ले बुक्स सोयीचे आहे, कारण स्वतःजवळची फाइल त्यात चढवता येते आणि वाचनखूण दुसऱ्या उपकरणावरही मिळते. पीडीएफचे पान छापील पानासारखे स्थिर असते. दहा इंची पडद्यावर ते नीट वाचता येते, आठ इंची पडद्यावर मात्र दर पानाला चिमटीने मोठे करावे लागते. युनिकोड ही अक्षरांची सर्वत्र चालणारी प्रमाण पद्धत रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या फायलींत शब्द शोधायला गेल्यास काहीच सापडत नाही. समोर ‘दृष्टी’ स्पष्ट दिसत असते, पण संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरांचा गोंधळ असतो. संदर्भासाठी वाचणाऱ्यांनी फाइल उघडताच एक शब्द शोधून पाहावा.

स्टोरीटेल या बोलत्या पुस्तकांच्या ॲपवर मराठी पुस्तके ऐकता ऐकता खांबांच्या छटा भरण्याचा अनुभव फार आनंदाचा आहे, विशेषतः काम एकसुरी असते तेव्हा. तिथे वर्गणी थांबली की ऐकणेही थांबते, म्हणून जे पुस्तक वर्षानुवर्षे हाताशी हवे असेल ते पुण्यातल्या पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध अप्पा बळवंत चौकात जाऊन छापीलच घ्यावे.