मार्कएडिटचा व्हॅलिडेटर: आठ महिने वापरल्यावर

एका बिलावरून झालेल्या वादामुळे हे लिहितेय. आमचं तालुक्याचं 'ब' वर्ग ग्रंथालय. कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरण्यासाठी सुमारे सहा हजार पुस्तकांच्या नोंदी मार्क २१ मध्ये, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या ठरलेल्या संगणकी साच्यात, बाहेरून करून घेतल्या. मार्कएडिट हे अशा नोंदी हाताळायचं सॉफ्टवेअर, आणि व्हॅलिडेटर हा त्यातला नोंदी तपासणारा भाग. काम करणाऱ्याने फाइलीसोबत त्याचा अहवाल जोडला. एकही चूक नाही, तेव्हा उरलेले पैसे द्या, असं त्याचं म्हणणं. फाइल कोहात चढवली. दुसऱ्याच दिवशी रोज येणाऱ्या एका आजोबांनी शोधताना भाषा 'मराठी' निवडली. एकही पुस्तक आलं नाही. आमच्या कपाटांत बहुतेक पुस्तकं मराठी आहेत हो!

मार्कच्या नोंदीत प्रत्येक माहितीला क्रमांक दिलेला रकाना असतो, त्याला फील्ड म्हणतात. ००८ या फील्डात बरोबर ४० घरं असतात. मोजणी शून्यापासून, म्हणून ३५ ते ३७ ही तीन घरं भाषेची. चौकटीच्या वहीत पेन्सिलीने एक नोंद घर-घर उतरवली. मार्कएडिटमध्ये रिकामं घर उलट्या तिरक्या रेघेने दिसतं. त्यातली एक जरी चुकून खोडली तरी पुढचं सगळं एक घर सरकतं, म्हणून दोनदा मोजलं. भाषेच्या घरांत 'ई-एन-जी' होतं, म्हणजे इंग्रजी. हवं होतं 'एम-ए-आर', म्हणजे मराठी. नमुना म्हणून केलेल्या एकाच नोंदीतलं ००८ सगळीकडे चिकटवलेलं.

तेव्हा मला व्हॅलिडेटरचाच राग आला. पुस्तकाचं नाव देवनागरीत, भाषा इंग्रजी, आणि हा गप्प? पण महिनाभराने मत बदललं. इंग्रजीचा कोड वैधच आहे. व्हॅलिडेटर घडण तपासतो. पुस्तक हातात घेणं त्याचं काम नाही, ते माझं होतं आणि मी केलं नव्हतं. त्याच्या कामात तो पक्का आहे. पुढची पुस्तकं आम्हीच नोंदवायला घेतली, तेव्हा दोन लेखकांसाठी १०० हे मुख्य लेखकाचं फील्ड दोनदा घातलं की तो लगेच पकडायचा. दुसरा लेखक ७०० मध्ये जायला हवा, ही आमची सवय त्यानेच लावली. त्याचे नियम साध्या टेक्स्ट फाइलीत असतात आणि गरजेप्रमाणे बदलता येतात. मार्कएडिट बनवणाऱ्या टेरी रीस यांनी ते इतकी वर्षं फुकट ठेवलंय. आमच्यासारख्या अनुदानावर चालणाऱ्या ग्रंथालयाला याची किंमत कळते.

भाषेची दुरुस्ती मात्र मला पुरून उरली. सगळीकडे एकदम बदल करावा तर इंग्रजी पुस्तकंही मराठी होणार. देवनागरी शीर्षकं वेगळी काढावीत तर त्यात हिंदीही येतात. शेवटी 'ळ' असलेली शीर्षकं आधी शोधली, कारण हिंदी शीर्षकात तो सहसा नसतो. मग २६० या फील्डातलं प्रकाशनस्थळ पाहिलं. पुणे, मुंबई, कोल्हापूर एका बाजूला; दिल्ली, वाराणसी दुसऱ्या. तरी मुंबईची हिंदी पुस्तकं निघालीच. ती कपाटातून काढून पाहिली. दर शनिवारी दुपारी दोनशे नोंदी, असं जमवलं.

अनुवादांना वेळ लागतोय. बंगालीवरून मराठीत आलेल्या कादंबरीला ००८ मध्ये मराठी द्यायची, शिवाय ०४१ या भाषांच्या फील्डाचा पहिला निर्देशक (फील्डाच्या सुरुवातीचा खुणेचा अंक) १ करून मूळ भाषा 'एच' उपफील्डात, म्हणजे फील्डातल्या त्या नावाच्या कप्प्यात, टाकायची. ०४१ भरलं तर व्हॅलिडेटर त्याची घडण तपासतो. पण ते मुळात भरलंच नाही, तर आमच्याकडे तरी तो काही बोलला नाही.

बिल अजून थांबवलंय. करारात फक्त 'वैध मार्क फाइल' असं लिहिलं होतं, आणि वाद तिथेच अडलाय. नवा करार करताना मी ओळ घातली आहे: कपाटातली कोणतीही पन्नास पुस्तकं काढून, मुखपृष्ठ समोर ठेवून भाषा, लेखक आणि शीर्षक जुळवून पाहायचं. ते जुळल्यावरच पैसे. अनुवादांच्या नोंदी दिवाळीपर्यंत होतील असं दिसतंय.