कार्यालयीन पावसाळी सहल : पाताळपाणी, मांडू की पचमढी?

जुलै लागला की इंदुरातील कार्यालयांत सहलीचा विषय निघतो आणि चर्चा बहुधा तीन नावांपाशी येऊन थांबते: पाताळपाणी-कालाकुंड, मांडू आणि पचमढी. तिन्ही ठिकाणे या दिवसांत देखणी असतात, याबद्दल वाद नाही. मात्र सहकाऱ्यांच्या सहलीत वयाने, प्रकृतीने, आवडीने आणि शिल्लक रजेनेही वेगवेगळी असलेली पंधरा-वीस माणसे एकत्र न्यायची असल्यामुळे, निवड करताना सौंदर्यापेक्षा दोन प्रश्न आधी विचारावेत. दिवसभर धो धो पाऊस पडला किंवा अजिबात पडला नाही, तर तेथे करण्यासारखे काय उरते? आणि मंडळी खरोखर किती वेळ एकत्र राहतात?

पाताळपाणी महूच्या पुढे, इंदूरपासून साधारण ३५ किलोमीटरवर आहे. रजा लागत नाही, मुक्कामाचा खर्च नाही, आणि ज्यांना संध्याकाळी घरी परतणे भाग असते त्यांनाही येता येते. हा या पर्यायाचा सर्वांत मोठा गुण. माळव्याचे पठार येथे संपून निमाडकडे उतरते आणि चोरल नदी त्या कड्यावरून सुमारे ३०० फूट खाली कोसळते. डिसेंबर २०१८ पासून पाताळपाणी ते कालाकुंड या घाटातल्या जुन्या मीटरगेज मार्गावर वारसा रेल्वे चालवली जाते. हा लोहमार्ग दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला साडेचार टक्के व्याजाने दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून १८७० च्या दशकात उभा राहिला, एवढे गाडीत सांगितले तरी निम्मी मंडळी खिडकीबाहेर वेगळ्या नजरेने पाहू लागतात. बोगदे, वळणे, पूल आणि कालाकुंड स्थानकावर पळसाच्या पानात मिळणारा कलाकंद, असा हा छोटा पण रंगतदार प्रवास आहे. अडचण अशी की गाडी साधारणपणे शनिवार-रविवारीच धावते, डबे मोजके असतात आणि मोठ्या गटाला एकत्र जागा मिळण्यासाठी बऱ्याच आधी आरक्षण करावे लागते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. धबधब्यापाशी ऊन पडलेले असतानाही वर पठारावर पाऊस झाला की नदीचे पाणी पाहता पाहता चढते. जुलै २०११ मध्ये अशाच लोंढ्यात सहलीला आलेली माणसे वाहून गेली होती. कार्यालयाच्या गटात चार उत्साही तरुण असतातच आणि त्यांना ‘पाण्यात उतरू नका’ असे सांगण्याचे काम शेवटी आयोजकाच्या गळ्यात पडते. त्यामुळे गाडीत बसायचे, कठड्यामागून धबधबा पाहायचा आणि परतायचे, एवढे सर्वांना आधीच मान्य असेल तरच हा पर्याय स्वीकारावा.

मांडू धारमार्गे सुमारे १०० किलोमीटर आहे. पहाटे निघून रात्री परतता येते. परंतु एक मुक्काम केला, तर संध्याकाळी दऱ्यांतून वर येणारे धुके आणि सकाळची शांतता पदरात पडते. समुद्रसपाटीपासून साधारण ६३० मीटर उंचीचे हे पठार खोल खोऱ्यांनी वेढलेले असल्यामुळे येथील पावसाला डोंगराचाच बाज आहे. जहांगीर बादशहाने १६१७ चा पावसाळा येथे काढला आणि इथल्या हिरवळीचे व रानफुलांचे कौतुक आपल्या आठवणींत लिहून ठेवले. त्याच वर्षी त्याच्यासोबत आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो मात्र पाऊस सुरू होण्याआधी पाण्याच्या टंचाईने बेजार झाला होता. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या, म्हणजे मांडूच्या बांधकामात पावसाचा थेंब न् थेंब साठवण्याची एवढी खटपट का दिसते ते उमगते. मुंज आणि कपूर या दोन तलावांमधला जहाज महाल, त्याच्या गच्चीवरचे पाणी खाली नेणाऱ्या नागमोडी पन्हळी, चंपा बावडीची जमिनीखालची दालने, हे सारे उन्हाळ्यात पाहणे म्हणजे कोरडा पाट पाहण्यासारखे आहे.

कार्यालयीन गटाच्या दृष्टीने मांडूची बाजू भक्कम होते ती छपरांमुळे. पाऊस आला तर जामी मशीद किंवा होशंगशहाच्या मकबऱ्याचा आडोसा मिळतो. पाऊस रुसला तरी वास्तू कुठे जात नाहीत. गुडघ्यांची तक्रार असलेले ज्येष्ठ सहकारी जहाज महालाच्या आवारात निवांत बसू शकतात आणि बाकीचे रूपमतीच्या मंडपापर्यंत चढून, आभाळ मोकळे असल्यास, दूरवरची नर्मदा शोधू शकतात. जेवणाला दाल-पानिये, रस्त्याकडेला भाजलेली कणसे आणि चवीपुरती गोरखचिंच मिळते. उणीव सांगायची तर रविवारी वाहनांची रांग लागते आणि निवासाची चांगली सोय मर्यादित आहे. शुक्रवारी दुपारी निघून शनिवारी परतणे मला सर्वांत सोयीचे वाटते.

पचमढीचे आकर्षण निर्विवाद मोठे आहे. हजार मीटरहून अधिक उंची, इंदूरच्या दुपटीच्या आसपास पाऊस, साल-सागाची जंगले आणि जवळच साडेतेराशे मीटरचे, राज्यातील सर्वोच्च शिखर धूपगड. पण इंदूरहून रस्त्याने जवळजवळ पूर्ण दिवस जातो, आणि रात्रीच्या रेल्वेने गेल्यास मध्यरात्रीनंतर पिपरियाला उतरून पुढे सुमारे ५० किलोमीटर घाट चढावा लागतो. तीन दिवसांपेक्षा कमी वेळात ही सहल करू नये. बहुतेक स्थळांवर स्थानिक जिप्सीने, म्हणजे उघड्या जीपने, जावे लागते आणि एका जिप्सीत साधारण सहाच माणसे बसत असल्याने वीसजणांचा गट चार तुकड्यांत विभागला जातो. मग जे आधीपासून एकमेकांचे मित्र आहेत ते एका गाडीत आणि नवे रुजू झालेले दुसऱ्या गाडीत, असे हटकून घडते. बी फॉल या धबधब्याच्या पायऱ्या सर्वांना झेपत नाहीत, ढगांमुळे धूपगडचा सूर्यास्त अनेकदा दिसत नाही, आणि सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असल्याने वाघाचे आमिष कोणालाही दाखवू नये.

तारीख ठरवताना पंचांगही पाहावे लागते. हिंदीभाषक सहकाऱ्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होत असल्याने, मिश्र कार्यालयात उपवास आणि सामिष जेवणाचा हिशेब जवळजवळ दीड महिना चालतो. सावनात ओंकारेश्वराकडे जाणाऱ्या कावडयात्रींमुळे खंडवा रस्ता मंदावतो, म्हणून पाताळपाणीला जोडून चोरल धरण करण्याचा बेत असेल तर सोमवार आणि त्याआधीचा रविवार टाळावा. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या यात्रेसाठी विदर्भातून प्रचंड संख्येने भाविक पचमढीला येतात. तेव्हा खोल्या मिळत नाहीत आणि रस्ते भरून जातात.

वीसजणांच्या मिश्र गटासाठी मी मांडूच सुचवीन. सात-आठ तरुणांचा गट असेल, तीन दिवस मोकळे असतील आणि नागपंचमी उलटून गेली असेल, तर पचमढीला जावे. त्यातही ऑगस्टचा उत्तरार्ध चांगला, मात्र गणपती कधी बसतात ते पाहून घ्यावे, कारण त्या आठवड्यात कार्यालयातील मराठी मंडळी कोणत्याच सहलीला मिळणार नाहीत.