किन्वा आणि भाज्यांचं सॅलड: वर्षभर डब्यात नेल्यानंतर

गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा किन्व्याचं, म्हणजे भातासारख्या शिजवायच्या एका बारीक दाण्याचं, सॅलड होतं. आता पुन्हा पाऊस लागलाय. तिन्ही ऋतूंतल्या भाज्या त्यात घालून झाल्या, घरातल्या सगळ्यांची तोंडं बघून झाली, त्यामुळे आता मत द्यायला हरकत नाही. मत असं, की हे सॅलड घरात टिकायचं असेल तर ते कोशिंबिरीच्या हातानं करावं. फोडणी, दाण्याचं कूट, लिंबू, आणि मीठ अगदी शेवटी. ऑलिव्ह तेल, व्हिनेगर आणि लेट्यूसची पानं घालून केलेलं आठवडाभर कौतुकानं खाल्लं जातं, मग किन्व्याचा पुडा फडताळात मागे मागे सरकतो.

आमच्याकडे सुरुवात झाली ती यजमानांची साखर काठावर आली आणि डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला तेव्हा. भाताऐवजी काय, हा प्रश्न रोज सकाळी सात वाजता ओट्यापाशी उभा राहायचा. मला ऑफिसला डबा न्यायचा असतो, आणि दुपारी गार झालेली पोळी मला जात नाही. दोघांची सोय एका पातेल्यात झाली.

आधी धुण्याबद्दल, कारण निम्मी चव तिथेच ठरते. किन्व्याच्या दाण्यावर सॅपोनिनचा कडवट थर असतो. बाजारात मिळणारा माल बहुतेक वेळा धुऊन, घासून आलेला असतो, तरी घरी धुवावाच. मी तो वाडग्यात घेऊन तांदळासारखा पण जरा जोर लावून चोळते. पहिल्या पाण्याला साबणासारखा फेस येतो, तो येईनासा होईपर्यंत पाणी बदलायचं. दाणा इतका बारीक, की नेहमीच्या चाळणीतून निम्मा सिंकमध्ये जातो. चहाची मोठी, बारीक जाळीची गाळणी लागतेच. एकदा एका पुड्यात बारीक खडे निघाले, तेव्हापासून मी मूठभर किन्वा आधी पांढऱ्या ताटात पसरून बघते.

धुतल्यावर पंधरा-वीस मिनिटं भिजवून निथळते आणि जाड बुडाच्या पातेल्यात कोरडाच परतते. ओल आटली की दाणे तडतडायला लागतात आणि शेंगदाणे भाजताना येतो तसा वास सुटतो. मग एका वाटीला दीड वाटी उकळतं पाणी. भिजवला नसेल तर पावणेदोन. पाकिटावर दोन वाट्या लिहिलेलं असतं. खिचडीला ते ठीक, सॅलडला दाणा गिच्च होतो. मंद आचेवर झाकण ठेवून बारा-तेरा मिनिटं, गॅस बंद करून दहा मिनिटं वाफ जिरू द्यायची. शिजला की नाही हे दाणा स्वतःच सांगतो: मधला भाग काचेसारखा पारदर्शक होतो आणि कडेनं गुंडाळलेला पांढरा कोंब सुटून बारीक शेपटीसारखा बाहेर येतो. ही शेपटी दाताखाली किंचित कुरकुरीत लागते. माझ्या मते किन्वा खाण्यातली खरी मजा ती.

यानंतरची पायरी मात्र कुणीही गाळू नये. गरम किन्वा परातीत पसरायचा, काट्यानं मोकळा करायचा आणि पंख्याखाली पूर्ण गार होऊ द्यायचा. गरम किन्व्यात काकडी पडली की तिला पाणी सुटतं, ते दाण्यात शिरतं, आणि दुपारी डबा उघडला की आत लगदा. नीट गार केलेला मोकळा किन्वा झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये तीन दिवस छान राहतो. रविवारी रात्री एक वाटी कोरडा किन्वा शिजवला की जवळपास तिप्पट होतो आणि बुधवारपर्यंत पुरतो.

रोजचं सॅलड असं: शिजलेला किन्वा एक वाटी, आणि भाज्या त्याच्या दीडपट तरी. काकडी कोचवून हलकी पिळून, गाजर बारीक चिरून (किसलं तर फार ओलं होतं), भोपळी मिरची, थोडा कोबी, मूठभर वाफवलेली मटकी किंवा शिजवलेले छोले. वर दोन चमचे दाण्याचं कूट, कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस. शेंगदाणा तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि हिरवी मिरची यांची फोडणी करून ती गार झाल्यावर ओतायची. टोमॅटो मी घालत नाही. घालायचाच तर गर काढून. दही फक्त घरी जेवताना, तेही ताटात वाढताना.

डब्यात भरताना लिंबू आणि फोडणी तळाला, त्यावर गाजर-कोबी, मग कडधान्य, सगळ्यात वर किन्वा आणि कूट. मीठ कागदाच्या पुडीत वेगळं. जेवायच्या वेळी डबा उलटापालटा करून हलवला की झालं.

ऋतूप्रमाणे बदल करत राहिलं की कंटाळा येत नाही. पावसाळ्यात मी कच्च्या पालेभाज्या टाळते. फरसबी, मक्याचे दाणे आणि लाल भोपळ्याच्या फोडी वाफवून घालते. थंडीत हे सॅलड सगळ्यात रंगतं: सोललेले ओले हरभरे, कोवळे मटार, पातीचा कांदा, मुळ्याचा कीस, डाळिंबाचे दाणे. उन्हाळ्यात लिंबाऐवजी कैरी आणि सोबत चिरलेला कांदा. सासूबाई हे लांबूनच बघत होत्या. कैरी घातली त्या दिवशी वाटी पुढे करत म्हणाल्या, "दे गं थोडं, कैरी आहे म्हणून खाते." आता त्यांना कूट दुप्पट लागतं. आमच्याकडे उपासाला मात्र किन्वा चालत नाही, तिथे भगर ती भगरच.

पोषणाबद्दल जरा सविस्तर, कारण किन्वा म्हणजे प्रथिनांचं भांडार असं समजून लोक तो घेतात. शंभर ग्रॅम शिजलेल्या किन्व्यात साधारण 4.4 ग्रॅम प्रथिनं, 2.8 ग्रॅम तंतू आणि 120 कॅलरी असतात. तेवढ्याच पांढऱ्या भातात सुमारे 130 कॅलरी आणि पावणेतीन ग्रॅम प्रथिनं, तंतू नावापुरते. म्हणजे कॅलरीत फारसा फरक नाही. फरक आहे तो तंतूंचा आणि प्रथिनांच्या दर्जाचा. शरीराला अन्नातूनच मिळवावी लागणारी नऊही अमिनो आम्लं त्यात आहेत, आणि त्यांपैकी गहू-तांदळात कमी पडणारं लायसिन बऱ्यापैकी आहे. तरी जेवणातलं प्रथिन फक्त किन्व्यावर सोडू नये. शंभर ग्रॅम शिजलेल्या छोल्यांत जवळजवळ नऊ ग्रॅम असतं. म्हणून आमच्या सॅलडमध्ये कडधान्य सुटत नाही, आणि चार वाजता बिस्किटांकडे जाणारा माझा हात थांबला त्याचं श्रेय मी दोघांना मिळून देते. लिंबू चवीपुरतं नाही. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्य-कडधान्यातलं लोह चांगलं शोषलं जातं.

पिष्टमय पदार्थ किन्व्यातही आहेत, हे साखर असलेल्यांनी लक्षात ठेवावं. यजमानांना मी शिजलेला एक वाटीच देते, भाज्या हव्या तितक्या. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून खावा, कारण त्यात ऑक्झलेट, म्हणजे खडे व्हायला हातभार लावणारा घटक, असतो.

किन्वा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांमधला. पेरू आणि बोलिव्हियात, टिटिकाका सरोवराच्या आसपासच्या उंच पठारांवर तो हजारो वर्षं पिकतो आहे, आणि तिथल्या घरांत तो मुख्यतः सूप आणि लापशीत जातो. संयुक्त राष्ट्रांनी 2013 हे वर्ष किन्व्याचं म्हणून जाहीर केलं होतं. आपल्याकडे राजस्थानातही त्याची लागवड होते, आणि मी आता देशी मालच घेते. चवीत मला फरक कळला नाही. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आपला चाकवत याच्याच कुळीतला, दोघं एकाच प्रजातीगटातले. राजगिराही लांबचा नातेवाईक, आणि कोरड्या दाण्यात प्रथिनं जवळपास किन्व्याइतकीच.

त्यामुळे ज्यांच्या घरी ज्वारीची भाकरी, राजगिरा, नाचणी नियमित आहे त्यांनी किन्व्यासाठी जीव टाकायचं कारण नाही. ज्वारीच्या कित्येक पट पैसे पडतात. ज्यांना भाताच्या जागी पटकन शिजणारं, गार खाता येणारं आणि डब्यात मोकळं राहणारं काही हवं आहे, त्यांनी जरूर घ्यावा. पांढरा आधी घ्या, तो लवकर शिजतो आणि मऊ असतो. लाल आणि काळा जास्त चिवट. दिसायला सुरेख, पण मुलं तो बाजूला काढतात. पहिल्यांदा पाव किलोच आणा, आणि उघडलेला पुडा बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, उन्हाळ्यात खवट वास लागतो.

बुधवारी तळाशी वाटीभर किन्वा उरतोच. तो भाजणीत मिसळून, कांदा आणि ओवा घालून थालीपीठ लावते. कडा छान खुसखुशीत होतात आणि पीठ कमी लागतं.