पेठेतलं लेडीज हॉस्टेल: दोन वर्षं राहून लिहितेय

नाव देत नाही कारण अजून तिथेच राहते. सदाशिव पेठ, थ्री शेअरिंग, बहुतेक सगळ्या एमपीएससीवाल्या. पाणी २४ तास, गिझर फक्त सकाळी, मेसची भाजी पातळ पण पोळ्या गरम. हॉस्टेलच्या काकू चांगल्या आहेत, मला ताप होता तेव्हा तीन दिवस स्वतः वर पेज आणून दिली.

पण रात्री ९ ला गेट बंद. दाराशी रजिस्टर, नाव, वेळ आणि पुढे 'कारण' असा रकाना. पहिल्याच महिन्यात मी ९.१० ला आले तर थेट घरी फोन, आई इतकी घाबरली की तिला नीट बोलताही येईना. मी २४ वर्षांची आहे हो.

मला हा कोंडवाडा वाटतो आणि माझ्या रूममेटला हीच सुटका वाटते. ती परभणीकडची, बारावीनंतर लग्नच ठरत होतं, वडिलांनी पुण्याला पाठवलं ते या ९ च्या नियमामुळेच. ती म्हणायची अगं गावात दिवेलागणीनंतर अंगणात उभं राहिलं तरी विचारायचे, इथे मी एकटी जाऊन चहा पिते. त्यामुळे बरेच दिवस मला वाटायचं की जाच काय नि मोकळीक काय, ज्याच्या त्याच्या बघण्यावर आहे.

आता नाही पटत ते. घरून परवानगी त्या नियमामुळे मिळाली हे खरं, पण तिला जे मोकळं वाटतं ते ९ च्या आधीचं, कुलूप लागल्यावर तिला काहीच मिळत नाही. मागच्या गल्लीत मुलांचं हॉस्टेल आहे, तिथे गेट कधी बंदच होत नाही, ती पोरं २४ तासवाल्या अभ्यासिकेत रात्री २ पर्यंत बसतात, आम्ही त्याच अभ्यासिकेची तेवढीच फी भरतो आणि पावणेनऊला पुस्तकं गोळा करून पळत सुटतो, आणि पेपर तर दोघांना तोच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या नियमावलीतच लिहिलंय की सेफ्टीचं कारण देऊन मुलींच्या हॉस्टेलला मुलांपेक्षा वेगळे नियम लावू नका, पण ते कॉलेज-युनिव्हर्सिटीसाठी, प्रायव्हेटवाल्यांना कोण विचारतंय.

जानेवारीत रात्री १ वाजता रूममेटच्या पोटात भयंकर दुखायला लागलं. रिक्षा बाहेर उभी, किल्ली काकूंकडे, काकू गाढ झोपलेल्या, आम्ही १५ मिनिटं दार वाजवतोय आणि ती जिन्यात पोट धरून बसलेली. अपेंडिक्स निघालं, वेळेवर ऑपरेशन झालं म्हणून बरं.

सुट्टीनंतर परत आल्यावर तिने स्वतः अर्ज लिहिला, वेळ ११ करा आणि एक किल्ली प्रत्येक मजल्यावर ठेवा. १४ जणींच्या सह्या आहेत, पहिली तिची. किल्ली मिळाली, वेळेचं बघू म्हणालेत. ५ पैकी ३ स्टार देतेय, आणि रूम बघायला याल तेव्हा भाड्याच्या आधी किल्ली कुणाकडे असते ते विचारा.