पान चालतं, तुरा नाही

गांजाचं झाड एकच, पण 1985च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याने त्याची वाटणी केली. शेंड्याचा चिकट, उग्र वासाचा फुलोरा म्हणजे गांजा. तो विनापरवाना बाळगणं गुन्हा. नुसती पानं आणि बिया मात्र व्याख्येबाहेर. म्हणूनच वैद्याच्या चिठ्ठीवर ‘विजया’च्या, म्हणजे आयुर्वेदातल्या याच झाडाच्या, पानांच्या अर्काचं तेल मिळतं, जिभेखाली मोजून थेंब घ्यायचे.

थायलंडने 2022 मध्ये झाड सरसकट मोकळं केलं. दुकानांचं पेव फुटलं, आणि 2025 मध्ये फुलोऱ्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची झाली.

मला चिठ्ठीचाच रस्ता पटतो. पण केमोच्या मळमळीने ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, त्याच्यासाठी तो आपल्याकडे पानापाशीच का अडावा? मळमळ शमवणारं टीएचसी, म्हणजे झाडातलं नशा आणणारं द्रव्य, फुलोऱ्यातच जास्त असतं.